रिंगणातली शाळा

गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणाकडे निघालेल्या एसटी गाड्यांची आणि माणसांनी फुगलेल्या रेल्वेच्या डब्यांची छायाचित्रे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो. चाकरमानी गावाला निघाला, की कोकणातला गणपती सुरू झाला, असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतल्या वाड्यांमध्ये, गणपतीची चाहूल त्याच्या बरीच आधी लागलेली असते. भाताची लावणी आटोपते, पावसाचा जोर थोडा ओसरतो, श्रावण लागतो. आणि एका रात्री जेवणे उरकल्यावर मारुतीच्या देवळातून मृदंगावरची थाप ऐकू येते. त्या रात्री एक शाळा उघडते. तिला पाटी नाही, हजेरीपट नाही, फी नाही. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, की ती मिटते, ती थेट पुढच्या श्रावणापर्यंत.

ही शाळा जाखडीची. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात, कोणी गौरी-गणपतीचा नाच म्हणतो, तर सामन्यांच्या जाहिरातींत ‘शक्ती-तुरा’ असे छापलेले असते. रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत, मुख्यतः कुणबी समाजाने, हा नाच जपला. त्याची मांडणी साधी आहे. मधोमध गाणारा शाहीर, त्याला साथ करणारे, मृदंग किंवा ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात. त्यांच्याभोवती आठ-दहा नाचे रिंगण धरतात. पायात चाळ बांधलेली. गाणे संथ सुरू होते, लय चढत जाते, आणि शेवटी कोणाचा पाय कोणता हे पाहणाऱ्याला कळत नाही.

‘बाल्या’ या नावामागे थोडी दुखरी कथा आहे. कोकणातून मुंबईत घरकामाला गेलेल्या गड्यांच्या कानांत बाळी असे, म्हणून मालक लोक त्यांना सरसकट बाल्या म्हणत. गड्याचे नाव त्याच्या नाचाला चिकटले. वाडीत मात्र हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. आमच्या दृष्टीने तो ‘नाच’ होता आणि त्याला दुसरे नाव असण्याची गरजही वाटत नव्हती.

मी या शाळेत सातव्या वर्षी बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो. पहिला श्रावण नुसते बघण्याचा, हा आमच्याकडचा दंडक. देवळाच्या पडवीत भिंतीला टेकून लहान पोरे बसत आणि मोठ्यांची पावले डोळ्यांनी मोजत. दुसऱ्या श्रावणात रिंगणाच्या शेपटाला जागा मिळे. पायात चाळ मिळायला आणखी एक वर्ष. ती उजव्या पायात बांधायची आणि बांधण्याआधी कपाळाला लावायची. घुंगरांचे ओझे काय असते ते त्या दिवशी कळे. कारण चाळ नसताना चुकलेले पाऊल अंधारात खपून जाते. चाळ बांधल्यावर ते सगळ्या वाडीला ऐकू जाते.

नाच शिकवणाऱ्याला आम्ही बुवा म्हणत असू. बुवा दिवसा दुसऱ्याच्या सुपारीच्या वाडीत कामाला जात. शिकवताना ते फार बोलत नसत. नव्या पोराला ते एकच गोष्ट सांगत, ‘आपल्या पायाकडे काय बघतोस? पुढच्याच्या टाचेकडे बघ.’ त्यात जाखडीचे सारे व्याकरण आहे. पुढच्याची टाच उचलली, की आपला पाय पडला पाहिजे, आणि आपली टाच उचलली, की मागच्याचा. अंतर वाढले तर रिंगण तुटते, कमी झाले तर पायात पाय येतो. एखादा उंच उडी घेऊन स्वतःकडे लक्ष वेधू लागला, की बुवा मृदंग थांबवायला सांगत. रागावत नसत. पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात, एवढीच शिक्षा. पण ती सगळ्यांनाच भोगावी लागत असल्याने नंतर मित्र त्या उड्या मारणाऱ्याची जी संभावना करीत, तिला तोड नसे.

वाद्याचीही एक विद्या होती. भर पावसातली तालीम, त्यामुळे मृदंगाचे कातडे दमट हवेने सैल पडे. ते शेकोटीजवळ धरून तापवायचे, पण किती, हे हाताला कळले पाहिजे. जास्त तापले तर फाटायची भीती. डाव्या तोंडाला ओली कणीक लावायची. तिची जाडी कमी-जास्त झाली, की आवाज बदलतो. आमच्यातले एक-दोघे पायाने कच्चे होते. बुवांनी त्यांना घरी पाठवले नाही, या कामाला लावले. पुढे त्यांतलाच एक पंचक्रोशीत नावाजलेला मृदंगवाला झाला.

नाच बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले गाणे सहसा ऐकू येत नाही. खरी शाळा तिथेच आहे. जाखडीचे गाणे कलगी-तुऱ्याच्या परंपरेतले. तुरेवाला शिवाचा, पुरुषाचा, ब्रह्माचा पक्ष घेतो. कलगीवाला, म्हणजे आमच्याकडचा शक्तीवाला, माया आणि प्रकृती थोर म्हणतो. हा वाद एकट्या कोकणाचा नाही. राजस्थानात, माळव्यातही ‘तुर्रा-कलंगी’ या नावाने तो गायला जातो. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांच्यापासून हे दोन पंथ निघाले, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. गोसाव्याने शिवाची बाजू घेतली आणि फकिराने शक्तीची! दोन धर्मांची माणसे एकाच तत्त्वज्ञानावर भांडली आणि त्यातून गाणे निघाले, ही कल्पनाच किती सुंदर आहे.

या भांडणाचा आम्हा पोरांना झालेला फायदा असा, की चौथीत गणिताला रडणारी मुले माया आणि ब्रह्म या विषयावर तावातावाने बोलू लागली. गण आणि गौळण झाली, की सवाल-जवाब सुरू होत. समोरच्या मंडळाचा शाहीर पुराणातले एखादे आडवळणाचे कोडे गाण्यातून घाली. उत्तर त्याच रात्री, गाण्यातूनच द्यायचे. म्हणून बुवांच्या घरी श्रीधरस्वामींचे ‘पांडवप्रताप’ आणि ‘हरिविजय’ लाल फडक्यात बांधून ठेवलेले असत. बुवांचे स्वतःचे शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षर लावून लावून ते वाचत, आणि श्रावणात दुपारी पाऊस फार असला, की शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला बसवत. माझे वाचन शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्या ओव्यांवर अधिक सुधारले.

बुवांची गाण्यांची वही मात्र कोणालाही हाताळायला मिळत नसे. गुरूने दिलेली गाणी त्यात होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे नाव, त्याच्या गावाचे नाव गुंफलेले असे. ती नावे घेताना बुवा कानाला हात लावत. ज्या माणसांना आम्ही पाहिलेही नव्हते, त्यांची नावे आम्हाला आजोबा-पणजोबांच्या नावांआधी पाठ झाली.

या शाळेचे अर्धे मास्तर मुंबईत राहत. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, एकेका गावाच्या मंडळाची खोली असे. पाळीप्रमाणे कामाला जाणारे पंधरा-वीस जण एका खोलीत राहत आणि सुटीच्या दिवशी तिथेच गाण्याला बसत. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने रंगत. गिरणीत साचा चालवणारा, मुकादमाची बोलणी खाणारा माणूस तिथे फेटा बांधून उभा राहिला, की शाहीर होई. नवी चाल, नवा सवाल गणपतीला गावात येई तो त्याच्या ट्रंकेतून.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे अर्थकारण आणि राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या वाडीत त्याचा एक परिणाम असा झाला, की त्या वर्षी श्रावणातल्या तालमीला कधी नव्हे एवढे लोक जमले. कारण रिकाम्या हातांनी सगळे गावातच होते. नाच दणक्यात झाला, पण घरोघर मिळणाऱ्या नारळ-सुपारीवर आणि चार पैशांवर या वेळी सगळ्यांचा डोळा होता, हे आम्हा मुलांनाही समजले. पुढच्या काही वर्षांत मंडळाची खोली गेली. माणसे पांगली, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी दिव्याला, कोणी सुरतेला. एका खोलीत राहणारे पंधरा जण पंधरा स्थानकांवर उतरू लागले आणि सुटीच्या दिवसाचे गाणे बंद पडले.

दरम्यान नाचाचे रूपही पालटले. अंगणातले रिंगण आतल्या बाजूला तोंड करून असते. बघणारे चहूबाजूंनी उभे, त्यांना नाच्यांच्या पाठी दिसतात. नाच मधल्या गाण्यासाठी आणि मखरातल्या गणपतीसाठी, बघ्यांसाठी नव्हे. रंगमंचाला एकच तोंड असते. तिथे गाणारे मागे किंवा कडेला सरकले, रिंगण उघडून रांगा झाल्या, आकृत्या आणि मनोरे आले, चमचमते कपडे आले, सिनेमाच्या चाली आल्या. याला नाके मुरडणारे बरेच आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. दामोदरच्या रंगमंचाने हा नाच मुंबईत जिवंत ठेवला, गिरण्या गेल्यावरही ठेवला. १९२२ साली उभे राहिलेले ते नाट्यगृह शंभरी उलटल्यावर, २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांच्या पोटात गोळा आला तो उगाच नव्हे.

पण रंगमंच नाच दाखवतो. शिकवते ती वाडी. आणि वाडीच रिकामी होत आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे करायचे काय, यावर राज्यात चर्चा चालते. आमच्या रिंगणाचा पट तर त्याआधीच आठाच्या खाली आला होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्यात करोना. गणपती २२ ऑगस्टला होते आणि मुंबईहून येणाऱ्यांना आधी दहा दिवस वेगळे राहण्याची अट होती. त्या श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात मृदंग वाजला नाही. माझ्या आठवणीत असे पहिल्यांदाच घडले.

पुढच्या वर्षी तालीम पुन्हा सुरू झाली, ती ज्यांना या शाळेत कधी घेतलेच नव्हते त्यांच्यामुळे. आमच्या वेळी मुलींना रिंगणात जागा नव्हती. त्यांचा फेर, झिम्मा, फुगड्या घरात, गौरीपुढे. माझी धाकटी बहीण ओटीवर बसून आमची सगळी गाणी ऐके. तिला ती आमच्यापेक्षा चांगली पाठ होती, सवालांची उत्तरेही पाठ होती. चाळ मात्र तिच्या पायाला लागली नाही. तिने कधी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. २०२१ मध्ये मुले पुरेनात, तेव्हा तिच्याच वयाच्या तिघी-चौघी बायकांनी विषय काढला. थोडी कुरकूर झाली. मग एका वृद्धाने विचारले, की जन्मभर आपण शक्ती थोर म्हणून गात आलो, ते कोणाबद्दल? त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. आता कोकणात ठिकठिकाणी महिलांची जाखडी मंडळे दिसतात. आमच्या वाडीत तर आई आणि मुलगी एकाच रिंगणात असतात, आणि पुढच्याच्या टाचेकडे बघ, हे मुलीच आईला सांगतात.

२०२३ साली गुजरातच्या गरब्याला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. गरबाही रिंगणाचाच नाच, त्याच्या मध्यभागी दिवा असतो. जाखडीच्या मध्यभागी गाणारी माणसे. जाखडीलाही असा मान मिळावा, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. मिळाला तर आनंदच. पण गरबा टिकला तो नवरात्रात गल्लोगल्ली कोणालाही त्यात शिरता येते म्हणून. यादी नंतर आली.

जाखडीपुढची अडचण सन्मानाची कमी आणि वेळेची जास्त आहे. चाकरमान्याला पाच दिवसांची रजा मिळते. पाच दिवसांत नाच बघता येतो, मोबाइलमध्ये भरून नेता येतो, शिकता येत नाही. शिकायला श्रावणातल्या रात्री लागतात, आणि त्या रात्री वाडीत राहणारे कोणीतरी लागते. ते आज आहे, ते बायकांच्या रूपाने आहे. मृदंगावर कणीक लावण्याचे काम यंदा आठवीतल्या एका मुलीकडे आहे. तिच्या हाताला अंदाज चांगला आहे, असे मृदंगवाले म्हणतात. बुवांची वही आता माझ्या बहिणीच्या घरी असते, आणि ती ज्याला हवी त्याला उतरवून घेऊ देते.