मेमरीतच हिशेब
सुरतमधल्या लिंबायतच्या खानदेशी माग कामगारांना जकार्ड ओळखीचा: पत्त्यांच्या भोकांत साठवलेली नक्षीच ताण्याचे धागे उचलवते. संगणकात मात्र साठा एकीकडे, हिशेब दुसरीकडे. दोन आकड्यांच्या बेरजेपेक्षा ते बाहेरच्या मेमरीतून आणण्यातच शेकडो पट ऊर्जा जाते. एआयच्या काळात ही उधळपट्टी परवडणारी नाही.

म्हणून आता मेमरीच्या जाळीतच गणित होतं. उभ्या-आडव्या तारांच्या प्रत्येक छेदावर एकेक आकडा विद्युतवाहकतेच्या रूपात साठवलेला असतो. व्होल्टेज दिलं की ओहमच्या नियमाने गुणाकार होतो. एकाच तारेत मिळणाऱ्या प्रवाहांची बेरीज आपोआप होते. अचूकता हीच खरी अडचण: वाहकतेच्या पातळ्या जितक्या जास्त, तितका आकडा नेमका साठवता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये रेणूंच्या पातळ थरात १६,५०० वाहकता-पातळ्या साधल्या, हे फार मोठं काम आहे.