लातूरचं नाव आखाड्यात कसं गेलं?

माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषदेचं कृषी प्रदर्शन लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांची तिथं ड्यूटी असते. ऊस, केळी, भोपळे मांडून आम्ही बसतो. दुपारपर्यंत गर्दी बरी असते. पण कुस्तीच्या मैदानात एकदा हलगी कडाडली की मंडप रिकामा! तक्रार कशाला करू? मी पण हळूच उठून तिकडंच जातो.

तिथं एक गोष्ट नेहमी ध्यानात येते. पैलवान मैदानात उतरला की माणसं त्याचं नाव नंतर विचारतात, आधी जिल्हा विचारतात. आणि कुणी "लातूरचं पोरगं हाय" म्हटलं की आजूबाजूचे जरा सरसावून बसतात. हा दबदबा एका दिवसात आलेला नाही.

आपल्याकडं कुस्तीला पश्चिम महाराष्ट्रासारखा थाट नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या, मल्लांना दरबारचा आश्रय मिळाला. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आपल्या पोरांना मोठं व्हायचं तर कोल्हापूर गाठावं लागायचं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार असेच कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून सुरू झाली, पहिली औरंगाबादला. १९६९ साली ती लातूरला भरली आणि आपल्याच भागातल्या बिराजदारांनी किताब मारला. तेव्हा लातूर जिल्हा नव्हताच बरं का. तो १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा व्हायच्या तेरा वर्षं आधीच लातूरचं नाव कुस्तीत होऊन बसलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९७० ला, एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक घेतलं. १९७२ ला ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ ला बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. ती कुस्ती जुनी माणसं आजही पारावर अशी सांगतात की जणू काल झाली. कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याच्या पोरानं हे केलं. त्या काळात त्या भागातून एसटी तरी किती जात असतील!

पण माझ्या मते बिराजदारांचं खरं काम पदकं मिळवून झाल्यावरचं आहे. त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बसून पोरं घडवली. लातूर जिल्ह्याचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, १९९८ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही त्याच तालमीतला. पुढे तो काका पवारांकडं शिकला. त्यानं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. बिराजदार वस्ताद २०११ ला गेले. राहुलची ही दोन पदकं बघायला ते नव्हते.

जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती आठवते का? पुण्याच्या बालेवाडीला, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे. शैलेश माती विभाग जिंकून आला होता, हर्षवर्धन गादी विभाग. अंतिम कुस्ती गादीवर झाली. शैलेश ३-२ नं हरला, एका गुणानं. जिंकल्यावर हर्षवर्धननं त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं. टीव्हीपुढं बसलेल्या आमच्या लातूरकडच्या पाहुण्यांना हसावं की रडावं कळेना.

आता मुद्द्याचं बोलू. प्रत्येक जिल्ह्याचा तालीम संघ निवड चाचणी घेतो आणि वजनगटानुसार पैलवान राज्याला पाठवतो. नाव जिल्ह्याचं लागतं. पण पोरगं राहतं, खातं, मेहनत करतं ते पुण्याला नाहीतर कोल्हापूरला. खर्च बापाचा, कमान मात्र गावाची. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी रागावू नये, पण आपल्या किती गावांत तालीम चालू आहे?

नायगावकडच्या एका गावात मागच्या हंगामात बीजप्रक्रियेची बैठक होती. बैठक संपल्यावर एक दोन एकरवाले शेतकरी थांबले. पोरगं चौदा वर्षांचं, अंगानं चांगलं. म्हणाले, "साहेब, दोन म्हशी हायेत. दूध डेअरीला घालू का पोराला?" मी वहीवरच हिशोब मांडला. रोज तीन लिटर धरलं तर वर्षाला एक हजार पंच्याण्णव लिटर झालं. बदाम, तूप, पुण्याची खोली वेगळी. सोयाबीन एका वर्षी जरी पिवळी पडली तर हे सगळं कोलमडतं. मी त्यांना सांगितलं, शाळा सोडवू नका, आत्ताच पुण्याला पाठवू नका. दोन वर्षं गावातच अंग तयार होऊ द्या, मग जिल्ह्याच्या चाचणीत उतरवा.

ते म्हणाले, "गावात कुठं?"

त्यांनी तालीम दाखवली. दगडी भिंती, वर पत्रा, आत हनुमानाचा फोटो आणि हौद्यात खताची पोती. दाराला कुलूप. पोती फुटून युरिया मातीत मुरलेला. या मातीत पोरं लोळवता येत नाहीत, अंगाला आग होते. वरची सगळी माती उपसून टाकावीच लागेल. आणि शेतातली काळी माती हौद्यात चालत नाही, हेही सांगून ठेवतो. तिच्यात चिकण जास्त. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकूळ. तांबडी माती आणायची, बारीक चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवायची आणि रोज खणायची. हे काम पैलवानांनीच करायचं असतं, तीच पहिली मेहनत.

व्यायामशाळेसाठी क्रीडा खात्याची अनुदान योजना आहे. ग्रामपंचायतीनं ठराव घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. जागेचा उतारा आधी काढून ठेवा, बरीच प्रकरणं तिथंच अडतात. मातीला मात्र अनुदानाची वाट बघायची गरज नाही. दोन ट्रॉल्या तांबडी माती आणि चार जणांचं श्रमदान, एवढंच लागतं.

त्या गावात पोती अजून हललेली नाहीत. पोरगं सकाळी शाळेच्या मैदानावर एकटंच जोर काढतं. येत्या ग्रामसभेत कुलपाचा विषय घेतो, असं सरपंचांनी सांगितलंय. मीही जाणार आहे.