नेफा ते अरुणाचल : आधी सरहद्द, मग राज्य

महाराष्ट्र झाला तो मोर्चे, सत्याग्रह आणि हुतात्म्यांच्या बलिदानातून. आंध्रामागेही मागणीचा असाच रेटा होता. अरुणाचल प्रदेशाची वाटचाल मात्र उलट्या क्रमाने झाली. तिथे आधी सरहद्द आखली गेली, मग तिच्यापर्यंत प्रशासन पायी चालत गेले आणि मतपेटी सगळ्यांत शेवटी पोचली.

1873 साली इंग्रजांनी आसामच्या डोंगरपायथ्याशी ‘इनर लाइन’ आखण्याचा कायदा केला. मळेवाले, हत्ती पकडणारे, रबर गोळा करणारे वर डोंगरात घुसत. त्यातून उद्भवणारी भांडणे निस्तरणे सरकारला नको होते. म्हणून परवान्याशिवाय पलीकडे जायला बंदी आली. 1911 मध्ये नोएल विल्यमसन हा इंग्रज अधिकारी आदी जमातीच्या लोकांच्या हातून मारला गेला आणि धोरण पालटले. फौज गेली, पाठोपाठ मोजणीदार गेले. 1914 मध्ये, सिमला परिषदेच्या काळात, तिबेटलगतची सरहद्द म्हणून मॅकमहोन रेषा नकाशावर उमटली. तरी तिच्या अलीकडच्या कित्येक खोऱ्यांनी सरकारी माणूस पाहिलेला नव्हता. तवांगमध्ये तर स्वातंत्र्यानंतरही तिबेटी अधिकारी कर वसूल करत होते. फेब्रुवारी 1951 मध्ये मणिपूरचे तांगखुल नागा अधिकारी मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तिथे पोचले, तेव्हा तो कारभार भारताच्या हाती आला.

1954 मध्ये या मुलखाला ‘नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी’, म्हणजे नेफा, हे नाव मिळाले. कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित अशी नद्यांचीच नावे विभागांना दिली गेली. राष्ट्रपतींच्या वतीने आसामचे राज्यपाल कारभार पाहत, आणि वर खाते होते परराष्ट्र मंत्रालय! देशातल्याच मुलखाचा कारभार परराष्ट्र खात्याकडे, यावरूनच दिल्लीला तिथे आधी काय दिसत होते ते कळते.

रस्ते नव्हते. रसद विमानातून टाकली जाई, अधिकारी हमालांबरोबर दिवसेंदिवस चालत. दुभाष्याचे काम कोटोकी करत, आणि गावात सरकारचा माणूस म्हणजे लाल कोट घातलेला गाव बुढा. 1953 मध्ये अचिंगमोरी इथे तागिन लोकांनी आसाम रायफल्सच्या पथकावर हल्ला केला. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. तरीही सूड म्हणून गावे जाळायची नाहीत, असे ठरले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून भारतातल्या कामाला सुरुवात केलेले व्हेरियर एल्विन पुढे आदिवासी विषयांचे सल्लागार झाले. बाहेरची माणसे कमी, योजना मोजक्या, आणि लोकांच्या जमिनीला, चालीरीतींना धक्का नको, हे त्यांचे आणि नेहरूंचे सूत्र. 1961 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 3 लाख 37 हजार भरली.

पुढच्याच वर्षी चिनी सैन्य तवांग, से ला ओलांडून बोमडिलाच्या खाली उतरले. ते परत गेले, पण मुलूख नुसता जपून भागणार नाही, तो देशाशी जोडावा लागेल, ही जाणीव मागे उरली. 1965 मध्ये नेफा गृहखात्याकडे आला. डेयिंग एरिंग समितीच्या शिफारशींवरून 1967 मध्ये पंचायत राजचा कायदा झाला. आदींच्या ‘केबांग’सारख्या जुन्या ग्रामसभांशेजारी निवडून आलेल्या संस्था उभ्या राहिल्या. जानेवारी 1972 मध्ये केंद्रशासित ‘अरुणाचल प्रदेश’ झाला, मग राजधानी शिलाँगहून इटानगरला आली. 1975 मध्ये विधानसभा मिळाली, प्रेम खांडू थुंगन पहिले मुख्यमंत्री झाले. लोकसभेसाठी मात्र इथल्या लोकांनी पहिले मत दिले ते 1977 मध्ये. तोवर खासदार नेमलाच जात असे. म्हणजे लोकसभेच्या मतदाराआधी मुख्यमंत्री आला होता.

1986 मध्ये तवांगजवळच्या सुमदोरोंग चू खोऱ्यात भारत-चीनचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले. त्याच वर्षी संसदेने 55वी घटनादुरुस्ती केली आणि 20 फेब्रुवारी 1987 रोजी, मिझोरामबरोबरच, अरुणाचल देशाचे 24वे राज्य झाले. चीनने निषेध नोंदवला. तीन महिन्यांनी गोवा 25वे राज्य झाले. गोव्याचे वेगळेपण 1967 च्या जनमत कौलात लोकांनी मतांनी ठरवले होते. अरुणाचलला तसा कौल कधी विचारलाच गेला नाही.

राज्य दिले तरी दिल्लीने हात पुरता काढून घेतला नाही. कलम 371-एच नुसार कायदा-सुव्यवस्थेबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला घेऊन ते स्वतःच्या विवेकाने निर्णय करू शकतात. 1873 ची इनर लाइनही कायम आहे. तवांगला निघालेल्या पुणेकराला आजही परवाना लागतो. फरक एवढाच, की इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी घातलेली ती बंदी आज तिथल्या लोकांना स्वतःच्या जमिनीची राखण वाटते. दिल्लीची 371-एच आणि लोकांची इनर लाइन, या दोन्हींमुळे राज्य होऊनही अरुणाचलचे सरहद्दपण सुटलेले नाही.