परसातील कोंबड्या : वजन आणि प्रकृती

घरामागे थोडी मोकळी जागा असली की चारसहा कोंबड्या पाळाव्या, ही हौस शहरातील पुष्कळ कुटुंबांत आढळते. हौस चांगली आहे. घरचे ताजे अंडे मिळते, निवडलेल्या भाजीचा पाला कामी येतो आणि मुलांनाही विरंगुळा होतो. मात्र या हौशी मंडळींची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : “काल संध्याकाळपर्यंत चांगली हिंडत होती हो, आणि सकाळी पाहतो तो खुराड्यात मरून पडलेली!” मानमोडीसारखी साथ किंवा वैशाखातील उन्हाचा तडाखा यांनी कोंबडी एकाएकी जाते, हे खरे. परंतु एरवी अशी कोंबडी पुष्कळदा काल चांगली नव्हतीच. ती पंधरा दिवस झिजत होती. आपल्याला ते दिसले नाही, इतकेच.

न दिसण्याची कारणे दोन. कोंबडीचे पूर्वज रानातले. रानात दुबळे दिसणे म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत भरणे. शिवाय दुबळीला तिच्याच कळपातल्या टोचून हैराण करतात. म्हणून आजारी कोंबडीसुद्धा दाणे टाकले की इतरांबरोबर धावत येते, जमिनीवर चोच आपटते, पण गिळत काहीच नाही. दुसरे कारण म्हणजे पिसे. पिसांच्या फुगाऱ्याखाली हाडांचा सापळा उरला असला, तरी वरून ती गुबगुबीतच दिसते. तेव्हा येथे डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. तराजू आणि हात यांचीच साक्ष काढावी लागते.

तराजू स्वयंपाकघरातला, पाच किलोपर्यंतचा असला तरी पुरे. (रद्दीवाल्याच्या काट्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही.) काट्यावर टोपली ठेवून तिचे वजन वजा करावे आणि टोपलीत कोंबडी बसवून वर फडके टाकावे, अंधार झाला की ती निमूट राहते. पाय धरून उलटी लोंबकळवण्याची बाजारची रीत घरी नको. वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी दाणे टाकण्यापूर्वी करावे. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी दाण्यांनी भरलेली असते, आणि पोटात तयार अंडे असले तर त्याचेही चाळीस-पन्नास ग्रॅम असतात. म्हणून तेवढ्या फरकाने कोणी घाबरून जाऊ नये.

मग घाबरावे केव्हा? आपल्याकडची गावठी कोंबडी एक ते दीड किलोची, लेगहॉर्न दीड ते दोन किलोची आणि ऱ्होड आयलंड रेड अडीच किलोच्या आसपास. पण या आकड्यांपेक्षा त्याच कोंबडीचे मागच्या आठवड्याचे वजन अधिक बोलके असते. दीड किलोच्या कोंबडीचे आठवड्यात दीडशे ग्रॅम उतरले, किंवा थोडे थोडे करीत सलग तीन आठवडे उतरतच राहिले, तर काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नोंद ठेवली तरी भागते. पायात निरनिराळ्या रंगांची कडी घातली म्हणजे घोटाळा होत नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीला मात्र हा नियम लावू नये. एकवीस दिवस ती घरट्यावरून दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या वेळीच उठते. तिचे वजन हटकून घटते आणि तो तिचा आजार नव्हे.

नुसते वजनही फसवते. कधी पोटात पाणी साचते, कधी अंडे बाहेर न पडता आतच सांडते. अशा वेळी काटा जागचा हलत नाही, उलट थोडा वरच चढतो, आणि अंगावरचे मांस मात्र नाहीसे होत असते. म्हणून वजन केल्यावर छातीवरून हात फिरवावा. छातीच्या मधोमध एक उभे हाड असते. दोन्ही बाजूंस मांस भरलेले असून हाड बोटांना जेमतेम लागले, तर प्रकृती ठीक. ते सुरीच्या पात्यासारखे लागले आणि बाजूंस खळगे पडले, तर ती उपाशी आहे किंवा रोगी. १९९८ साली ग्रेगरी आणि रॉबिन्स या संशोधकांनी याच हाडावरून शून्य ते तीन अशी श्रेणी बसवली. घरोघरी ती सहज वापरता येते. हाड मुळीच लागत नसेल आणि पोट चरबीने मऊ झाले असेल, तर तेही सुलक्षण नव्हे. घरातल्या शिळ्या भाताने आणि पोळीच्या तुकड्यांनी लठ्ठ झालेली कोंबडी अंडी कमी करते आणि उन्हाळ्यात आधी बळी पडते. लाड कमी करावे, हे येथे माणसांना सांगावे लागते.

कोंबडी हातात आहे तोवर आणखी चार गोष्टी पाहून घ्याव्या. सकाळी अन्नपिशवी रिकामी हवी. ती कालच्या दाण्यांनी टणक असली तर पचन अडले आहे. शेपटीखालची पिसे विष्ठेने चिकटलेली नसावी. तेथेच कातडीवर उवा हिंडताना दिसतात. तुरा फिकट पडला असेल, तर जंत किंवा रक्त पिणारे कीटक यांचा संशय घ्यावा. हे कीटक दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात, म्हणून रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन पाहावे. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले, तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. खाद्यातून मिळाले नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हिच्यावर तराजूचा उपयोग नाही. तेथे लसच हवी. पिल्लू पहिल्या आठवड्याचे असतानाच पहिली मात्रा द्यावयाची असते. पुढील मात्रांच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्याच दिनदर्शिकेवर लिहाव्या. एक झिजू लागली तर तिला वेगळी ठेवून दवाखान्यात न्यावी. औषध चालू असता तिची अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही तेथेच विचारावे. परंतु दोनतीन दिवसांत एकापाठोपाठ एक मरू लागल्या, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता. तेव्हा मेलेल्या पक्ष्यास उघडा हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे, उरलेल्या कोंबड्या शेजारी देऊ नयेत की बाजारात नेऊ नयेत, आणि पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.