खेळ आणि हॉटस्पॉट
दूरदूरच्या गावांतील मुले गेमिंग कन्सोलवर एकाच वेळी एकच सामना खेळू शकतात. घरी तारेची इंटरनेट-जोडणी नसेल, तर स्मार्टफोनचा हॉटस्पॉट उपयोगी पडतो. टॉवरकडून आलेले संदेश फोन वाय-फायने कन्सोलला देतो. कन्सोलचे संदेश त्याच वाटेने परत जातात. खेळताना डेटा थोडाच लागतो. परंतु संदेश वेळेवर पोहोचावे लागतात. टॉवरवर गर्दी झाली, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या विलंबानेही नेमका फटका हुकतो. याउलट, एखादा मोठा खेळ उतरवून घेण्यास ५० गिगाबाइटांहून अधिक डेटा लागतो. घरात तो एकच फोन असेल, तर थोरल्या बहिणीचा अभ्यास अडतो. समाईक विहिरीचे पाणी सर्वांची तहान ओळखूनच उपसावे, हे येथेही खरे!