संकटकाळांत स्त्रीचें संरक्षण

(नभोवाणीवरील भाषण)

पूर आला, भूकंप झाला किंवा युद्ध पेटलें, कीं वर्तमानपत्रांतून आपण प्रथम आंकडे वाचतों. मृत किती, बेघर किती, धान्य किती धाडलें, तंबू किती उभारले. हे आंकडे अवश्य पाहिजेत. परंतु एक हानि अशी आहे कीं ती या आंकड्यांत सहसा येत नाहीं. कारण जिला ती सोसावी लागते ती बोलत नाहीं, आणि ज्यांनीं विचारावें ते विचारीत नाहींत. संकटाच्या काळांत स्त्रियांवर व मुलींवर होणारे अत्याचार, ही ती हानि होय. ती टाळावी कशी आणि घडल्यास साहाय्य कसें करावें, याविषयीं आज अनुभवानें कांहीं गोष्टी निश्चित झाल्या आहेत. त्याच आपल्यापुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

आरंभींच एक समजूत दूर केली पाहिजे. असे अत्याचार म्हणजे केवळ युद्धांतील सैनिकांचें कृत्य, असें आपण धरून चालतों. तें खरें आहे, पण अपुरें आहे. सामान्य दिवसांत स्त्रीचें रक्षण करणाऱ्या कितीतरी गोष्टी असतात, ज्यांकडे आपलें लक्षहि जात नाहीं: दाराची कडी, ओळखीचा शेजार, पायाखालची वाट, गांवांतील वडीलधाऱ्या माणसांची भीड, हाताशीं असलेले चार पैसे. आपत्ति हीं सर्व कुंपणें एका रात्रींत पाडते. तंबूला कडी नसते. शेजारीं कोण येऊन राहिलें आहे तें ठाऊक नसतें. पाण्याची वाट नवी, शौचकूप दूर, आणि वर अंधार. धान्याच्या यादींत कुटुंबप्रमुख म्हणून बहुधा पुरुषाचें नांव असतें. तो मेला किंवा हरवला, तर बायकोला दर आठवड्यास कोणाच्या तरी मेहेरबानीवर उभें राहावें लागतें. जेथें नवरा आहे तेथें, काम गेलेल्या आणि मान गेलेल्या त्या पुरुषाचा राग घरच्या बाईवर निघतो. मुलीचें रक्षण आपल्याच्यानें होणार नाहीं या भयानें, आणि खाणारें एक तोंड कमी व्हावें म्हणून, बाप तिचें लग्न अकालीं उरकून टाकतो. तेव्हां अत्याचार करणारा नेहमीं परका व शस्त्रधारीच असतो असें नाहीं.

हें भय स्वतःच प्राणघातक ठरतें. २९ एप्रिल १९९१ रोजीं बांगलादेशच्या किनाऱ्यावर मोठें चक्रीवादळ आलें आणि सुमारें एक लाख चाळीस हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. परपुरुषांनीं गच्च भरलेल्या आश्रयगृहांत जाण्याचा संकोच, हें त्याच्या कारणांपैकीं एक होतें. इमारत पक्की होती. पण आपण तेथें सुरक्षित राहूं असा विश्वास स्त्रियांना वाटत नव्हता.

आपल्या देशाला या विषयाचा सर्वांत कठोर धडा १९४७ सालीं मिळाला. फाळणीच्या दंगलींत दोन्ही बाजूंनीं हजारों स्त्रिया पळविल्या गेल्या. सरकारी अंदाजानें, भारतांत राहिलेल्या मुसलमान स्त्रिया सुमारें ५०,००० आणि पाकिस्तानांत राहिलेल्या हिंदु व शीख स्त्रिया सुमारें ३३,००० होत्या. त्यांना शोधून परत आणण्याचा करार दोन्ही सरकारांनीं डिसेंबर १९४७ मध्यें केला. मृदुला साराभाई, रामेश्वरी नेहरू, कमलाबेन पटेल यांसारख्या स्त्रियांनीं हें काम अंगावर घेतलें. परत आलेल्या स्त्रियांना घरच्यांनीं सन्मानानें आंत घ्यावें, त्यांच्याकडे यत्किंचितहि दोष नाहीं, असें गांधीजी दिल्लीच्या प्रार्थनासभांतून वारंवार सांगत होते. आठ वर्षांत सुमारें तीस हजार स्त्रिया अशा रीतीनें परत आणल्या गेल्या. ज्यांना घरच्यांनीं घेतलें नाहीं त्यांच्यासाठीं जालंदर येथें गांधी वनिता आश्रमासारख्या संस्था उभ्या राहिल्या. एवढें मोठें काम इतक्या अल्प साधनांनिशीं क्वचितच झालें असेल.

परंतु या कामाला एक दुसरी बाजू होती, आणि ती आपण डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. १ मार्च १९४७ नंतर जी स्त्री अन्य धर्मीयाच्या घरीं गेली ती पळविलेलीच समजावी, आणि ती परत पाठविलीच पाहिजे, असें धोरण ठरलें. १९४९ सालीं भारतांत त्याचा कायदा झाला. पोलिस अधिकाऱ्याला वॉरंटावांचून घरांत शिरून तिला ताब्यांत घेण्याचा अधिकार मिळाला. ती पळविलेली आहे कीं नाहीं याबद्दल वाद पडल्यास दोन्ही देशांचें न्यायमंडळ निर्णय देई. मात्र ‘बाई, तुमची स्वतःची इच्छा काय?’ हा प्रश्न त्या कायद्याला निर्णायक वाटला नाहीं. दरम्यान दोन-दोन वर्षें लोटलीं होतीं. कोणी त्या घरांत आई झाली होती. कोणाला माहेर-सासरचें एकहि माणूस उरलें नव्हतें. कोणाला आपले लोक आपणांस दारांतहि उभें करणार नाहींत अशी खात्री होती. त्या दुसऱ्यांदा उपटल्या गेल्या, आणि या वेळीं उपटणारे हात मदत करणाऱ्यांचे होते. त्यांच्या पोटच्या मुलांचें काय करावें, ती कोणाचीं, कोणत्या देशाचीं, या प्रश्नानें लाहोरांत काम करणाऱ्या कमलाबेनना किती जाळलें, तें त्यांनीं आपल्या गुजराती आठवणींत लिहून ठेवलें आहे. घटना परिषदेंतहि कांहीं सभासदांनीं या कायद्यावर आक्षेप घेतले होते. शेवटीं १९५४ सालीं दोन्ही देशांनीं असें ठरविलें कीं इच्छेविरुद्ध कोणास धाडूं नये. आणि १९५७ सालीं तो कायदा संपला.

हें सांगण्यांत त्या सेविकांना दोष देण्याचा हेतु नाहीं. त्यांच्या जागीं आपण असतों तर त्यांच्याइतकें धैर्य आपणांत असतें कीं नाहीं याची मला शंका आहे. सांगावयाचें तें एवढेंच, कीं मदतीमागें कुळाची अब्रू आणि राष्ट्राचा मान हा विचार पुढें आला, आणि जिच्यासाठीं मदत ती स्त्री मागें पडली. आज या क्षेत्रांतील सर्व कामाचा पाया नेमका याच्या उलट आहे. जिच्यावर अत्याचार झाला तिची सुरक्षितता, तिची गुप्तता, तिचा मान आणि तिची निवड, या चार गोष्टी प्रथम. बाकीचें सर्व त्यानंतर.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आणि इतर मदतसंस्थांच्या सामायिक समितीनें २००५ सालीं या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०१५ सालीं त्या सुधारून वाढविल्या. त्यांतील एक सूचना फार मोलाची आहे: तक्रार येण्याची, पुराव्याची किंवा आंकड्यांची वाट पाहूं नये. संकट आलें कीं अत्याचार घडत आहेत असें गृहीत धरूनच पहिल्या दिवसापासून कामाला लागावें. कॉलऱ्याचा पहिला रोगी सांपडेपर्यंत पाणी शुद्ध करण्याचें आपण थांबवीत नाहीं. येथेंहि तोच न्याय.

आतां प्रत्यक्ष काय करावयाचें? प्रतिबंधाच्या गोष्टी दिसावयास अगदीं साध्या असतात. छावणीची आंखणी करतांना शौचकूप तंबूपासून पन्नास मीटरांच्या आंत असावा, स्त्रियांचे व पुरुषांचे वेगळे असावे, दाराला आंतून कडी असावी, वाटेवर दिवा असावा. स्त्रियांच्या शौचकुपांची संख्या पुरुषांच्या तिप्पट असावी, असें आंतरराष्ट्रीय मानदंड सांगतात. धान्याचें कार्ड स्त्रीच्या नांवानेंहि मिळावें. वाटप दिवसाउजेडीं व्हावें, म्हणजे डोक्यावर ओझें घेऊन अंधारांत परतावें लागणार नाहीं. आंखणी करणाऱ्या इंजिनियरास या गोष्टी सुचत नाहींत. छावणींतील चार बायकांना विचारलें तर त्या पांच मिनिटांत सांगतात.

मात्र एका उपायानें सर्व साधतें असेंहि नव्हे. केनियाच्या उत्तरेस ददाब येथें सोमालियांतून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या होत्या. सरपण आणावयास स्त्रिया दूर रानांत जात, आणि तेथें त्यांच्यावर हल्ले होत. म्हणून १९९८ पासून छावणींतच सरपण वांटण्याची योजना सुरू झाली. पुढें तपासणी झाली तेव्हां असें आढळलें कीं सरपण पुरेसें मिळे त्या काळांत रानांतील अत्याचार कमी झाले खरे. पण अन्य ठिकाणचे वाढले होते. योजना व्यर्थ होती असा याचा अर्थ नाहीं. स्त्रीनें घराबाहेर पडणें हें अत्याचाराचें कारण नसून, अत्याचार करणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाहीं हें कारण आहे, एवढें त्यावरून सिद्ध झालें. सरपण वांटावें; पण त्याबरोबर पहारा, न्याय आणि पुरुषांशीं बोलणें हींहि पाहिजेत.

आणखी एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. २००२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील छावण्यांची पाहणी झाली, तेव्हां धान्य व औषध वांटणारे कांहीं मदत-कर्मचारीच त्या बदल्यांत मुलींकडून शरीराची किंमत मागतात, असे आरोप पुढें आले. ज्याच्या हातीं धान्याची गोणी, त्याच्या हातीं सत्ता. त्यानंतर २००३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांनीं अशा वर्तनास सक्त मनाई करणारा नियम काढला. कोणतीहि संस्था कितीहि पवित्र हेतूनें निघालेली असो, तिच्या माणसांविरुद्ध तक्रार कोठें करावयाची हें छावणींतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलेंच पाहिजे.

अत्याचार घडल्यानंतरच्या साहाय्यांत सर्वांत कठोर हिशेब घड्याळाचा असतो. एच.आय.व्ही.ची लागण टाळणारें औषध ७२ तासांच्या आंत सुरू करावें लागतें. नको असलेली गर्भधारणा टाळण्याचें औषध पांच दिवसांच्या आंत, आणि तेंहि जितकें लौकर तितकें गुणकारी. जखमांवर उपचार, अन्य रोगांवरील औषधें, आणि मनाला आधार हें सर्व त्याबरोबरच. म्हणून ही औषधें संकटानंतर मागविण्याची वस्तु नसून पहिल्या गाडींत चढविण्याची आहे. पण औषध असून भागत नाहीं. तेथपर्यंत पोंचण्याची वाट स्त्रीला माहीत पाहिजे, आणि त्या वाटेनें गेल्यास सर्व छावणीला समजणार नाहीं असा भरंवसा पाहिजे. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशांत आले. तेथील कॉक्स बाजारच्या छावण्यांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र जागा उघडण्यांत आल्या. त्यांना तेथील स्त्रिया ‘शांतिखाना’ म्हणतात. तेथें शिवण शिकण्यास जातां येतें, बसून बोलतां येतें, नुसतें विसांवतांहि येतें. त्यामुळें जी स्त्री दुःख सांगावयास जाते ती निराळी ओळखूं येत नाहीं. या साध्या युक्तींत फार मोठी करुणा आहे.

आणि तिनें दुःख सांगितलेंच तर ऐकणाऱ्यानें काय करावें? शांतपणें ऐकावें. ‘तूं तेथें गेलीसच कशाला’ असें विचारूं नये. तपशील उकरूं नये. तुमचा यांत दोष नाहीं, असें सांगावें. कोणतें साहाय्य कोठें मिळतें तें सांगावें, आणि पुढें काय करावयाचें तें तिला ठरवूं द्यावें. तिच्या परवानगीवांचून तिची गोष्ट तिसऱ्या कानीं जातां कामा नये.

श्रोतेहो, आपण शहरांत सुरक्षित घरांत राहणारीं माणसें. आपला यांत भाग काय, असें कोणी विचारील. पूर आपल्याहि नद्यांना येतात, आणि शाळांच्या वर्गांतून निवारा घेण्याची वेळ आपल्याहि लोकांवर येते. तेव्हां जुन्या कपड्यांच्या गांठोड्याबरोबर विजेरी, सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्रें द्या. वर्गणी देतांना संस्थेला विचारा, कीं निवाऱ्यांत स्त्रियांची वेगळी सोय आहे काय, आणि तक्रार ऐकावयास कोण आहे? कायद्याच्या दोन गोष्टी घरांत सर्वांस ठाऊक असूं द्या. अत्याचार झालेल्या स्त्रीला कोणत्याहि रुग्णालयानें, सरकारी असो वा खासगी, विनामूल्य तात्काळ उपचार दिलेच पाहिजेत. रुग्णालयानें पोलिसांस कळवावें असेंहि कायदा सांगतो. पण तेवढ्यासाठीं उपचार अडवून ठेवतां येत नाहींत. दुसरी गोष्ट, तिचें नांव किंवा तिची ओळख पटेल असें कांहीं प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. १८१ हा महिलांचा दूरध्वनि क्रमांक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील ‘सखी’ केंद्रें यांची माहिती आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईलाहि सांगून ठेवा.

१९४७ सालीं परत आलेल्या कित्येकींना दार उघडलें गेलें नाहीं. तीं दारें सरकारचीं नव्हतीं. आपल्यासारख्यांच्या घरांचीं होतीं. दिवा, कडी, औषध आणि कायदा यांची व्यवस्था संस्था करूं शकतील. परंतु परत आलेल्या मुलीला ‘ये, बस, जेवलीस कां?’ एवढेंच विचारून आंत घेणें, हें काम कोणत्याहि संस्थेला आपल्या वतीनें करतां येणार नाहीं.