बेट्सला का जाऊ दिलं?

बेसबॉलचा मोसम वर्ल्ड सिरीजने संपतो आणि फेब्रुवारीत फ्लोरिडा-ॲरिझोनात सराव शिबिरं सुरू होतात. मधल्या हिवाळ्यात मैदानावर काहीच घडत नाही; पण कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणावर किती पैसा लावायचा, हे सगळं तेव्हाच ठरतं आणि त्याची फळं संघ दहा-दहा वर्षं भोगतात. मी बोस्टन रेड सॉक्सचा चाहता. आमच्या क्लबने अशाच एका हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी २०२० मध्ये, मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हवाली केलं. त्यानंतर डॉजर्सनी २०२०, २०२४ आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीज जिंकल्या. आम्ही २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये आमच्या गटात तळाला होतो. बेट्सच्या जाण्याचं दुःख आहेच, पण तो निर्णय निव्वळ हिशेबाच्या कसोटीवरही चुकीचा होता, असं माझं ठाम मत आहे.

हा हिशेब समजून घ्यायचा तर आयपीएलचा लिलाव क्षणभर विसरावा लागेल. तिथे प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा सारखीच असते आणि बोली सर्वांसमोर लागते. बेसबॉलमध्ये लिलाव नाही आणि खर्चाला कमाल मर्यादाही नाही. नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सेवेची सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत तो क्लबच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगारावर जातात; २०२५ मध्ये हा पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढच्या तीन वर्षांत पगारावर एकमत झालं नाही, तर प्रकरण लवादाकडे जातं. खेळाडू एक आकडा मांडतो, क्लब दुसरा, आणि लवादाला त्या दोनांतलाच एक निवडावा लागतो. सहा वर्षांनंतर मात्र खेळाडू मोकळा. हवा तो भाव देईल त्या क्लबशी त्याने करार करावा. हे स्वातंत्र्य सहज मिळालेलं नाही. १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा तो कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. दार उघडलं ते १९७५ च्या अखेरीस, लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूने निकाल दिला तेव्हा.

या पद्धतीमुळे बहुतेक खेळाडू बाजारात येतात ते तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्यांची उत्तम वर्षं क्लबने स्वस्तात वापरून झाल्यावर. मग त्यांची किंमत ठरवायची कशी? आज सगळे क्लब ज्या मापाने मोजतात त्याला ‘वॉर’ म्हणतात. समजा, तुमचा खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी किमान पगारावर सहज मिळणारा कुणीतरी उभा केला, तर मोसमभरात संघ किती सामने कमी जिंकेल? तो आकडा म्हणजे त्या खेळाडूचा वॉर. अशा बदली खेळाडूंनीच भरलेला संघ १६२ पैकी जेमतेम ४८ सामने जिंकेल, असं धरलं जातं. बॅटिंग, धावणं आणि क्षेत्ररक्षण या सगळ्यांचं रूपांतर धावांत करतात आणि ढोबळमानाने दहा धावांना एक विजय मोजतात.

बेट्सचं २०१८ साल पाहा. सरासरी .३४६, होमरन ३२, चोरलेले बेस ३० आणि उजव्या कोपऱ्यातलं अप्रतिम क्षेत्ररक्षण. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ विश्वविजेता झाला आणि त्याचा वॉर दहाच्या वर गेला. मुक्त बाजारात त्या काळी एका विजयाची किंमत अंदाजे ८० लाख डॉलर धरली जाई. म्हणजे बेट्सने सुमारे ८ कोटी डॉलरचं काम केलं आणि पगार घेतला १ कोटी ५ लाख, तोही लवादात जिंकून.

सोडून देणं शहाणपणाचं ठरतं, अशीही उदाहरणं आहेत. अल्बर्ट पुहोल्सने सेंट लुइस कार्डिनल्सला २०११ ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, आणि त्याच हिवाळ्यात तो दहा वर्षांच्या २४ कोटी डॉलरच्या करारावर एंजल्सकडे गेला. सेंट लुइसला हळहळ वाटली असणार. पण पुहोल्स तेव्हा बत्तिशीला टेकला होता. त्याच्या जाण्याच्या भरपाईत कार्डिनल्सना नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये जादा निवडी मिळाल्या आणि त्यांतल्या एकीतून मायकेल वाका हा पिचर आला. २०१३ मध्ये वाकाच्या जोरावर ते पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. एंजल्स मात्र पुहोल्सच्या सगळ्या काळात बाद फेरीत गेले ते एकदाच, २०१४ मध्ये. बेसबॉलपटू साधारण २६ ते २९ या वयात भरात असतो. पुढची उतरण कुणाची लवकर सुरू होते, कुणाची उशिरा, एवढाच फरक. कार्डिनल्सनी पुढचं पाहिलं. एंजल्सनी मागच्या पराक्रमाचे पैसे मोजले.

बेट्स मात्र तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता.

रेड सॉक्सची बाजूही मांडायला हवी. खर्चाला मर्यादा नसली तरी ठरावीक रकमेपलीकडे गेलं की लक्झरी टॅक्स लागतो. २०२० साठी ती रक्कम २०.८ कोटी डॉलर होती. आम्ही सलग दोन वर्षं ती ओलांडली होती. तिसऱ्या वर्षी वरच्या खर्चावर ५० टक्के कर बसला असता. बेट्सने क्लबचे दीर्घ मुदतीचे प्रस्ताव नाकारले होते आणि मोसमाअखेर तो मुक्त होणार होता. फुकट जाण्यापेक्षा बदल्यात काही मिळालेलं बरं, असं क्लबचं म्हणणं.

पण बदल्यात काय मिळालं? ॲलेक्स व्हर्ड्यूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. मिळकत एवढी तुटपुंजी, कारण बेट्सच्या गळ्यात डेव्हिड प्राइसचा करार बांधला होता. प्राइस या पिचरचे तीन वर्षांचे ९.६ कोटी डॉलर शिल्लक होते. त्यातले निम्मे डॉजर्सनी उचलले आणि निम्मे आम्हीच भरले. जगातल्या दोन-तीन सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला आपण जुनं ओझं उतरवायला वापरलं, हे मला आजही पटत नाही. डाउन्स बोस्टनसाठी २०२२ मध्ये १४ सामने खेळला आणि क्लबने त्याला सोडलं. व्हर्ड्यूगो चांगला खेळाडू होता, वाँग पुढे नियमित कॅचर झाला. पण ही बेट्सची बरोबरी नव्हे.

वॉर या मापाचं न्यून मला इथेच दिसतं. तीन-तीन विजयांचे तीन खेळाडू कागदावर नऊ विजयांच्या एकाला पुरे पडतात. मैदानात मात्र जागा नऊच. तीन जागा अडवून जे मिळतं, ते बेट्स एका जागेवर देतो आणि उरलेल्या दोन जागा सुधारायला मोकळ्या ठेवतो. म्हणून दहा विजयांच्या खेळाडूचं मोल एका विजयाच्या भावाला दहाने गुणून निघत नाही. ते त्याहून बरंच जास्त असतं. क्लबचे मालक जॉन हेन्री यांना आकडे कळत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. वायदेबाजारात त्यांनी संपत्ती कमावली, आकडेशास्त्री बिल जेम्स यांना क्लबमध्ये आणलं आणि २००४ पासून चार विजेतेपदं मिळवली. लिव्हरपूल फुटबॉल क्लबही त्यांच्याच समूहाचा. इतक्या जाणत्या माणसांनी कराची रेघ पाहून असा खेळाडू सोडावा, याचंच दुःख जास्त आहे.

आणि बेट्स करार करणारच नव्हता, हा युक्तिवादही टिकला नाही. जुलै २०२० मध्ये, ऐन साथीत, डॉजर्सकडून पहिला अधिकृत सामना खेळण्याआधीच त्याने १२ वर्षांच्या ३६.५ कोटी डॉलरच्या करारावर सही केली. त्याला रास्त बाजारभाव हवा होता, इतकंच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रेड सॉक्सने २१ वर्षांच्या रोमन अँथनीशी आठ वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार केला. त्याची ऐन भराची बहुतेक वर्षं क्लबने बाजार उघडण्याआधीच बांधून घेतली. उत्तम निर्णय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रत्येक तरुण असा लवकर सही करणार नाही. बेट्सने केली नव्हती. सहा वर्षं कमी पगारावर खेळून तो आपला हक्काचा भाव मागत होता, आणि तो द्यायची बोस्टनची ऐपत होती.